जॅक्सनने बँक मारली, पण पैसा ठेवला कुठे?

प्रश्न दोन भागांत आला होता. एक: खासगी बँका चलनावर ताबा मिळवतील, आधी महागाई आणि मग मंदी आणून लोकांची घरेदारे लुबाडतील, असे अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन खरेच म्हणाला होता का? दोन: अमेरिकेतले लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हात जितका आखूड तितका बरा असे मानणारे लोक, अँड्र्यू जॅक्सन या सातव्या अध्यक्षाला डोक्यावर का घेतात, आणि ते योग्य आहे का?

माझी ३१ वर्षे बँकेत गेली. त्यातली ९ तपासणी विभागात आणि शेवटची ६ ट्रेझरीत, म्हणजे बँकेची रोकड आणि गुंतवणूक सांभाळणाऱ्या विभागात. आता बँकिंगचा इतिहास शिकवतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि ते भाषणांपेक्षा ताळेबंदाच्या बाजूने येईल.

आधी ते वाक्य. ते बनावट आहे. त्यात 'इन्फ्लेशन' आणि 'डिफ्लेशन' अशी जोडी येते. 'डिफ्लेशन' हा शब्द पैशाच्या संदर्भात रुळला विसाव्या शतकात, आणि जेफरसन वारला १८२६ मध्ये. खरे वाक्य २८ मे १८१६ रोजी त्याने जॉन टेलरला लिहिलेल्या पत्रात आहे. खड्या सैन्यापेक्षा बँका अधिक धोकादायक आहेत, आणि पुढच्या पिढीने फेडायचा पैसा आज खर्च करणे म्हणजे भविष्याला मोठ्या प्रमाणावर ठकवणे आहे, असे तो तिथे म्हणतो. हे एवढे तिखट असताना वरून फोडणी कशाला घातली, देव जाणे. जॅक्सनच्या तोंडचे 'तुम्ही विषारी सापांचे बीळ आहात' हेही जपून वापरा. तो वारल्यानंतर कित्येक दशकांनी ते छापून आले. 'बँक मला मारू पाहते आहे, पण मीच तिला मारीन' हे मात्र ज्याला तो म्हणाला त्या मार्टिन व्हॅन ब्युरेनने, म्हणजे त्याच्यानंतरच्या अध्यक्षाने, स्वतः लिहून ठेवले आहे.

बनावट वाक्याने होणारे खरे नुकसान वेगळेच. त्यामुळे भांडण 'खासगी बँकवाले विरुद्ध सरकार' असे होते, असा समज होतो. लिबर्टेरियन मांडणी याच्या नेमकी उलट आहे. बँकवाल्याने स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या जोखमीवर धंदा करावा, बुडाला तर बुडू द्यावा, याला त्यांची हरकत नाही. हरकत आहे ती सनदेला: सरकारने एकाच पेढीला दिलेल्या खास हक्काला, आणि त्या बदल्यात त्या पेढीने सरकारला पुरवलेल्या सोयीला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणे ऐकत मोठे झालेल्यांना हे लगेच कळेल. त्यांचा राग व्यापाऱ्यावर नव्हता, परवाना वाटणाऱ्यावर होता.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न धरून हा इतिहास वाचायला सांगतो. सरकारचा पैसा कोणाच्या तिजोरीत आहे? शाखाधिकारी म्हणून ज्याने एखाद्या सरकारी खात्याची ठेव मिळवण्यासाठी खेटे घातले आहेत, त्याला या प्रश्नाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१७९१ मध्ये अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने पहिली 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स' उभी केली. भांडवल १ कोटी डॉलर, त्यात सरकारचा वाटा २० टक्के, सनद २० वर्षांची. सरकारकडे तेवढे पैसे नव्हते. मग सरकारने वाट्याचे २० लाख डॉलर त्याच बँकेकडून कर्जाऊ घेतले आणि हप्त्यांनी फेडायचे ठरवले. आज कोणी प्रवर्तक आपल्याच बँकेच्या कर्जातून आपलेच भागभांडवल भरताना दिसला, तर तपासणी अहवालात त्याच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद लागेल. खासगी भागधारकांनाही एक चतुर्थांश रक्कम नाण्यांत आणि तीन चतुर्थांश सरकारी रोख्यांत भरायची मुभा होती. म्हणजे सरकारी कर्जाला गिऱ्हाईक तयार झाले, आणि बँकेच्या नोटा करभरणीत चालत असल्याने त्या नोटांनाही गिऱ्हाईक तयार झाले. योजना हुशारीची होती, यात शंका नाही. लिबर्टेरियनांचा आक्षेप नेमका या हुशारीवर आहे: दोघांनी एकमेकांचा कागद उचलून धरला.

जेफरसनने जॉर्ज वॉशिंग्टनला लेखी मत दिले की राज्यघटनेत संसदेला अशी बँक काढायचा अधिकार कुठेही दिलेला नाही. घटनेतल्या 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ 'सोयीचे' असा होत नाही. जेम्स मॅडिसननेही सभागृहात विरोध केला. वॉशिंग्टनने दोन्ही बाजू वाचल्या आणि २५ फेब्रुवारी १७९१ रोजी सही केली. त्यामुळे लिबर्टेरियनांच्या यादीत वॉशिंग्टन आदराचा असला तरी बँकेच्या पानावर त्याच्या नावापुढे फुली असते.

पण जेफरसनचे काय? अध्यक्ष झाल्यावर त्याने ही बँक मोडली नाही. उलट १८०४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला तिची शाखा काढण्याच्या कायद्यावर सही केली. लुइझियानाचा प्रदेश विकत घेतला तो रोखे काढून, आणि ते रोखे युरोपच्या बाजारात खपवले बेअरिंग आणि होप या पेढ्यांनी. याहून बोलका पुरावा म्हणजे जुलै १८०३ चे त्याचे पत्र. अर्थमंत्री आल्बर्ट गॅलटिनला तो लिहितो की बँका आपल्या पक्षाकडे जसजशा झुकतील, त्या प्रमाणात सरकारी ठेवी त्यांच्यात वाटाव्यात. म्हणजे मर्जीतल्या बँकांत ठेवी ठेवण्याची कल्पना जॅक्सनच्या ३० वर्षे आधी खुद्द जेफरसनच्या दौतीतून उतरली होती. त्याचे भक्त ही ओळ सहसा उद्धृत करत नाहीत.

१८११ मध्ये सनद संपली. तिचे नूतनीकरण सिनेटमध्ये १७-१७ असे अडले आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या मताने पडले. पुढे ब्रिटनशी युद्ध झाले, आणि इथून मरी रॉथबार्डची मांडणी सुरू होते. विसाव्या शतकातला हा सर्वांत कडवा लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञ. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंधच १८१९ च्या मंदीवर होता. त्याच्या मते या साऱ्या कथेची किल्ली ऑगस्ट १८१४ मध्ये आहे. ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळले, आणि न्यू इंग्लंड, म्हणजे ईशान्येकडची राज्ये, सोडून बाकीच्या बँकांनी आपल्या नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. थांबवले म्हणजे काय, हे बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. दर्शनी देणे असलेला, म्हणजे मागताक्षणी पैसे द्यायचे असलेला, कागद खिडकीवर आला आणि रोखपालाने तो परत सरकवला. कराराप्रमाणे ही दिवाळखोरी आहे. पण राज्य सरकारांनी या बँकांना चालू राहू दिले. त्या आपली कर्जे वसूल करत राहिल्या, नव्या नोटाही छापत राहिल्या, आणि स्वतःचे देणे मात्र देईनात. शेतकऱ्याचा हप्ता चुकला तर जप्ती, बँकेचा चुकला तर मुदतवाढ. रॉथबार्ड म्हणतो, मक्तेदारी फक्त राष्ट्रीय बँकेकडे नव्हती. वचन मोडायची परवानगी हीच सर्वांत मोठी सनद होती. मला त्याचा हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

या गोंधळावर उपाय म्हणून मॅडिसनने, आता अध्यक्ष झालेल्या त्याच मॅडिसनने, एप्रिल १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही केली. भांडवल ३.५ कोटी डॉलर. सुरुवातीच्या दोन वर्षांत या बँकेने कर्जांची इतकी खैरात केली की १८१८ च्या मध्याला तिच्याकडे नाणी होती सुमारे २४ लाखांची आणि दर्शनी देणी २.२ कोटींच्या वर. मग घाबरून तिने एकदम वसुली लावली, आणि १८१९ ची मंदी आली. विल्यम गूज या तत्कालीन लेखकाने एका ओळीत निकाल दिला: बँक वाचली आणि लोक बुडाले.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय माझ्यातला तपासनीस पुढे जाऊ देणार नाही. या बँकेला घटनात्मक ठरवणारा १८१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मॅककलक विरुद्ध मेरीलँड म्हणून ओळखला जातो. हा मॅककलक म्हणजे बाल्टिमोर शाखेचा रोखपाल. निकाल लागला मार्चमध्ये, आणि त्याच वर्षी बाहेर आले की हा रोखपाल आणि शाखेचा अध्यक्ष यांनी साथीदारांसह बँकेच्याच शेअरांवर सट्टा खेळण्यासाठी शाखेतून विनातारण कर्जे उचलली होती. बँकेला १० लाखांहून अधिक डॉलरचा फटका बसला. ज्या निकालाने संघराज्याच्या अधिकाराचा पाया घातला, त्यावर नाव कोरले गेले एका अफरातफर करणाऱ्याचे.

आता जॅक्सन. या दुसऱ्या बँकेच्या सनदेचे नूतनीकरण फेटाळणारा १० जुलै १८३२ चा त्याचा नकाराधिकाराचा खलिता लिबर्टेरियनांना प्रिय आहे, आणि का ते वाचल्यावर कळते. श्रीमंत आणि बलवान लोक सरकारी कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, असे तो म्हणतो. सरकारने पावसासारखे असावे, उच्च-नीच, गरीब-श्रीमंत सगळ्यांवर सारखे बरसावे, असेही म्हणतो. समान संरक्षण, खास हक्क नाही. (त्याच खलित्यात परदेशी भागधारकांबद्दलचा भडक मजकूरही आहे, तो सोयीस्करपणे गाळला जातो.) १८३५ च्या सुरुवातीला त्याने राष्ट्रीय कर्ज पूर्ण फेडले, तेही त्यांच्या वहीत जमेला.

पण बँक मारल्यावर सरकारचा पैसा गेला कुठे? १८३३ मध्ये अर्थमंत्री विल्यम डुएनने ठेवी हलवायला नकार दिला. कायद्याने तो निर्णय त्याच्याकडे होता. जॅक्सनने त्याला काढले आणि रॉजर टेनीला बसवले. ठेवी राज्यांच्या सनदी असलेल्या निवडक बँकांत गेल्या. विरोधक त्यांना 'लाडक्या बँका' म्हणत. आधी सात, पुढे नव्वदच्या आसपास. पहिल्या सातांत बाल्टिमोरची युनियन बँक होती, आणि तिचे शेअर खुद्द टेनीकडे होते. तिचा अध्यक्ष टेनीचा मित्र. त्याने मिळालेले धनादेश ठरल्याआधीच वटवून सट्ट्यात घातले. माझे मत स्पष्ट सांगतो: एका बँकेची सनद गेली आणि नव्वद बँकांची मेहेरनजर आली. ज्याला तत्त्व म्हणायचे ते इथे फक्त अर्धे पाळले गेले.

आणि ज्या जमिनींच्या खरेदीसाठी या बँका कागद पुरवत होत्या, त्यांतल्या कित्येक जमिनी मूळ रहिवासी जमातींना १८३० च्या कायद्याखाली हुसकावून मोकळ्या केलेल्या होत्या. सरकारी जमीनविक्री १८३४ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरची होती, १८३६ मध्ये जवळजवळ २.५ कोटींची. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्यांनी या ओळीवर थांबायला हवे. काही थांबतात, बरेच जण पान उलटतात.

जुलै १८३६ मध्ये जॅक्सनने हुकूम काढला की सरकारी जमिनीची किंमत सोन्या-चांदीतच घेतली जाईल. त्याच सुमारास संसदेने सरकारी शिल्लक राज्यांत वाटायचे ठरवले. नाणी एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावू लागली. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणी देणे थांबवले.

शाळकरी पुस्तकांत हे सरळ जॅक्सनच्या माथी मारलेले असते: बँकेचा लगाम गेला, लाडक्या बँका उधळल्या, बाजार कोसळला. आर्थिक इतिहासकार पीटर टेमिनने १९६९ मध्ये हे चित्र बरेचसे पुसले, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो म्हणून मराठी वाचकाला तो माहीत असावा. टेमिन म्हणतो, बँकांनी नाण्यांच्या प्रमाणाबाहेर नोटा छापल्या नव्हत्या. देशात नाणीच वाढली होती. मेक्सिकोची चांदी अमेरिकेत येई आणि चहा-रेशमाच्या बदल्यात चीनला जाई. १८३० च्या दशकात ती जायची थांबली. कारण चिनी व्यापाऱ्यांना आता चांदीऐवजी लंडनवरच्या हुंड्या चालत होत्या, आणि त्या का चालत होत्या? अफूचे पैसे चुकते करायला. ती अफू हिंदुस्थानातून जाई. बंगालची कलकत्त्याहून, माळव्याची मोठ्या प्रमाणात मुंबई बंदरातून. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांच्या पेढ्या ज्या व्यापारावर उभ्या राहिल्या, त्या व्यापाराने फिलाडेल्फियाच्या तिजोऱ्यांत चांदी साठत होती. मग १८३६ च्या उन्हाळ्यात बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर वाढवले आणि लंडनचा पैसा आटला. रॉथबार्डनेही टेमिनच्याच आधारावर जॅक्सनला निर्दोष सोडले आहे. मी पूर्ण सोडत नाही. पीटर रूसो या आर्थिक इतिहासकाराने नंतर दाखवले की सरकारी ठेवींच्या हलवाहलवीने न्यूयॉर्कची नाणी आटली होती, आणि तरलता सांभाळण्याचे काम केलेल्या कोणालाही ते पटेल. ठेव मोठी असून चालत नाही, ती कधी उठेल हे माहीत असावे लागते.

माझ्या मते लिबर्टेरियनांचा खरा माणूस जॅक्सन नाही, व्हॅन ब्युरेन आहे. सत्तेवर येऊन जेमतेम दोन महिने होतात तोच ही मंदी त्याच्या अंगावर कोसळली. सप्टेंबर १८३७ मध्ये संसदेचे खास अधिवेशन बोलावून त्याने सांगितले की सगळेच समाज सरकारकडून जरा जास्तच अपेक्षा करतात, विशेषतः अडचणीच्या काळात. मदतीची खैरात नाही, नवी बँक नाही. आणि मग माझ्या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर: सरकारचा पैसा सरकारच्याच तिजोरीत राहील, कोणत्याही बँकेत नाही, देवघेव नाण्यांत. 'स्वतंत्र खजिना' म्हणून ओळखला जाणारा हा कायदा ४ जुलै १८४० रोजी झाला, पुढच्या वर्षी विरोधकांनी रद्द केला, आणि जेम्स पोकने १८४६ मध्ये पुन्हा आणला. मधल्या काळात अध्यक्ष जॉन टायलरने आपल्याच पक्षाची दोन बँक विधेयके फेटाळली; एक डॅनियल वेब्स्टर सोडता अख्खे मंत्रिमंडळ राजीनामे देऊन गेले. इव्हान एलंड या लिबर्टेरियन अभ्यासकाने अध्यक्षांची क्रमवारी लावली तेव्हा टायलर पहिला आणि व्हॅन ब्युरेन तिसरा आला. सर्वसाधारण इतिहासकारांच्या याद्यांत हे दोघे खालच्या रांगेत असतात. चेरोकी या मूळ रहिवासी जमातीला प्रत्यक्ष हाकलले गेले व्हॅन ब्युरेनच्या कारकिर्दीत, आणि टायलर शेवटी गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या संसदेत निवडून गेला. क्रमवारी कोणत्या कसोटीवर लावली, हे विचारल्याशिवाय तिला मान डोलवू नये.

आता घरातले भांडण. सगळे लिबर्टेरियन एका सुरात बोलतात असे समजू नका. रॉथबार्डच्या मते दर्शनी ठेवीमागे १०० टक्के नाणी हवीत, नाहीतर ती फसवणूक. जॉर्ज सेल्जिन आणि लॉरेन्स व्हाइट हे अर्थतज्ज्ञ म्हणतात, ठेवीदाराला माहीत असेल तर अंशतः राखीव ठेवणे, म्हणजे ठेवीचा काही भागच नाण्यांत ठेवून बाकी कर्जाऊ देणे, हा साधा करार आहे, आणि स्पर्धाच बँकांना शिस्त लावते. दाखला देतात स्कॉटलंडमधल्या जुन्या मुक्त बँकिंगचा आणि बॉस्टनच्या सफोक बँकेचा. या खासगी बँकेने न्यू इंग्लंडभरच्या नोटा गोळा करून दर्शनी किमतीत वटवण्याची व्यवस्था चालवली, कुठल्याही मध्यवर्ती बँकेविना. समोरचे लोक मग मिशिगन दाखवतात. तिथे १८३७ च्या कायद्याने कोणालाही बँक काढता येऊ लागली, आणि तपासनिसांना खिळ्यांनी भरलेल्या पेट्या सापडल्या, वर नाण्यांचा एक थर. त्याच नाण्यांच्या पेट्या तपासनिसांच्या पुढे पुढे एका बँकेतून दुसरीत धावत. मला हे वाचून हसू आले, कारण साठ्याच्या तपासणीत वरच्या ओळीत माल आणि मागे रिकाम्या गोण्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पण सेल्जिनच्या बाजूचे उत्तरही ऐका: त्याच वर्षी मिशिगनने बँकांना नाणी न देण्याची सूट दिली आणि ती नव्या बँकांनाही लागू झाली. मोकळा बाजार होता असे म्हणताना वचन मोडायची मुभाही सरकारनेच दिली होती, हे विसरू नये. गाडी पुन्हा १८१४ वर येते.

मी या दोघांत सेल्जिनकडे झुकतो. १०० टक्के राखीव ठेवणारी पेढी म्हणजे लॉकर; तिला बँक कशाला म्हणायचे?

आणि व्हॅन ब्युरेनचे कौतुक करूनही त्याच्या खजिन्याची एक अडचण सांगितलीच पाहिजे. करभरणीच्या दिवसांत नाणी बाजारातून उठून सरकारी तिजोरीत बंद होत आणि पैसा नेमका नको तेव्हा आखडे. अग्रिम कराच्या तारखांना कॉल मनीचा, म्हणजे बँकांनी एकमेकींना एखाद्या दिवसासाठी दिलेल्या उसन्या पैशाचा, दर पाहिलेल्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. शेवटी अर्थमंत्रीच ठरवू लागला की पैसा कधी आत घ्यायचा आणि कधी बाहेर सोडायचा. १९०२ ते १९०७ या काळात लेस्ली शॉ हा अर्थमंत्री तर उघडपणे सरकारी ठेवी बँकांत इकडून तिकडे फिरवून नाणेबाजार हाकत होता. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची आजची मध्यवर्ती बँक, तेव्हा जन्मालाही आली नव्हती.